तान्ह्या बाळाचें वजन आणि वर्धकाचा स्विच

आरोग्यकेंद्रांत तान्हीं मुलें वजनासाठीं आणलेलीं तुम्ही पाहिलीं असतील. आई बाळास कांट्याच्या पारड्यांत निजविते, परिचारिका आंकडा वाचून तो पत्रकांत लिहिते, आणि आई त्या आंकड्याकडे परीक्षेच्या निकालाकडे पाहावें तशी पाहते. तसें पाहण्यास कारणही आहे. जन्मतः अडीच हजार ग्रामांहून कमी वजन भरलें तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणें तें मूल कमी वजनाचें ठरतें, व त्याची अधिक काळजी घ्यावी लागते. पहिल्या थोड्या महिन्यांत निरोगी मूल दिवसाला सुमारें वीस ते तीस ग्राम वाढतें. ही वाढ खुंटली तर दुसरें कोणतेंही लक्षण दिसण्यापूर्वीं पुष्कळदां कांटाच ती सांगतो. म्हणून वीस ग्रामांची चूक ही लहान चूक नव्हे. ती बाळाची एका दिवसाची वाढ आहे.

पूर्वीं असा कांटा स्प्रिंगचा किंवा सरकत्या वजनाचा असे. हल्लीं बहुतेक ठिकाणीं विजेवर चालणारा कांटा असतो. त्याच्या पोटांत भारामुळें एक अतिशय क्षीण विद्युद्दाब उत्पन्न होतो. तो कित्येक पट वाढवून मग त्याचा आंकडा दाखविला जातो. वाढविण्याचें हें काम करणाऱ्या भागास आपण वर्धक म्हणूं. ॲम्प्लिफायर म्हणतात तो हाच. असा वर्धक शाळेच्या प्रयोगशाळेंत कसा रचावा, त्याची पट स्विच फिरवून कशी बदलावी, आणि पट बदलतांना खोटें वजन दिसूं नये म्हणून कोणती सावधगिरी घ्यावी, हें ह्या लेखांत सांगावयाचें आहे. सगळें मर्म एका वाक्यांत आहे : स्विचासारखी बेभरंवशाची वस्तु, जेथून प्रवाह वाहत नाहीं अशा जागीं ठेवावी. वाक्य सोपें आहे. परंतु तें कां खरें आहे हें समजण्यासाठीं थोडी वाट चालावी लागेल.

भारापासून विद्युद्दाब

धातूची तार ताणली कीं ती लांब व बारीक होते, आणि तिचा रोध वाढतो. पुढें लॉर्ड केल्व्हिन ह्या नांवानें प्रसिद्ध झालेले विल्यम टॉमसन ह्यांनीं ही गोष्ट १८५६ सालीं दाखवून दिली. परंतु तिचा व्यवहारांत उपयोग होण्यास ऐंशी वर्षें लोटलीं. १९३८ च्या सुमारास अमेरिकेंत एडवर्ड सिमन्स व आर्थर रूज ह्या दोघांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, बारीक तार वस्तूच्या पृष्ठावर चिकटवून त्या वस्तूवरील ताण तारेच्या रोधावरून मोजण्याची युक्ति काढली. आजच्या कांट्यांतील लोड सेल हा त्याच युक्तीचा वारस होय. ॲल्युमिनियमच्या एका दांड्यावर अशा चार पट्ट्या चिकटविलेल्या असतात. भार पडला कीं दांडा किंचित् वांकतो. दोन पट्ट्या ताणल्या जातात व दोन आंखडतात. ह्या चार पट्ट्या, तुम्ही पदार्थविज्ञानाच्या तासाला शिकतां त्या व्हीटस्टनच्या सेतूप्रमाणें, चौकोनांत जोडलेल्या असतात.

आपण दहा किलोपर्यंतचा लोड सेल घेऊं. त्यास पांच व्होल्टांचा दाब दिला तर पूर्ण भाराखालीं त्याच्या दोन निर्गम तारांमध्यें साधारणतः दहा मिलिव्होल्टांचें अंतर पडतें. बाजारांत मिळणाऱ्या पुष्कळ लोड सेलांचें हेंच प्रमाण असतें. दहा हजार ग्रामांना दहा हजार मायक्रोव्होल्ट, म्हणजे एका ग्रामास एक मायक्रोव्होल्ट, अर्थात् व्होल्टाचा दहालाखावा भाग. हें समीकरण लक्षांत ठेवावें. पुढें जेथें जेथें मायक्रोव्होल्ट हा शब्द येईल तेथें तेथें तुम्ही मनांत ग्राम म्हणा, म्हणजे चूक किती मोठी हें लगेच कळेल.

खिशांत मावणारा जो साधा अंकदर्शक मीटर प्रयोगशाळेंत असतो, तो चार व्होल्टांच्या मापावर एक मिलिव्होल्टाहून लहान पायरी दाखवीत नाहीं. दाब शंभरपट वाढविला तर एक मिलिव्होल्ट म्हणजे दहा ग्राम होतात. मीटर दहा-दहा ग्रामांच्या पायऱ्यांनीं चालेल. हजारपट वाढविला तर एक मिलिव्होल्ट म्हणजे एकच ग्राम, व मीटरवरील आंकडा हेंच ग्रामांतील वजन. पण मग ३९९९ च्या पुढें त्या मीटरचें माप संपतें. म्हणून चार किलोंच्या आंतील बाळासाठीं हजार पट, व त्याहून मोठ्यासाठीं शंभर पट, अशी सोय हवी. पट बदलणाऱ्या स्विचाची गरज ती हीच. आतां कल्पना करा कीं, गेल्या आठवड्यांत बाळाचें वजन ३९०० होतें व ह्या आठवड्यांत तें ४१०० झालें. पहिला आंकडा हजारपटीवर घेतला, दुसरा शंभरपटीवर. दोन पटींचा आपसांत मेळ नसेल, तर ह्या दोनशें ग्रामांत बाळाची वाढ किती व स्विचाची लबाडी किती, हें कोण सांगणार ?

होडींतील दोन मुलें

वाढविण्याचें काम वाटतें तितकें सरळ नाहीं. लोड सेलच्या दोन निर्गम तारा शून्य पातळीवर नसतात. त्यास पांच व्होल्ट दिलेले असल्यामुळें दोन्ही तारा मधोमध, म्हणजे अडीच व्होल्टांच्या पातळीवर असतात, आणि त्या पातळीवर त्यांच्यांत कांहीं मायक्रोव्होल्टांचा फरक असतो. भरतीच्या पाण्यावर वरखालीं होणाऱ्या होडींत दोन मुलें उभीं आहेत, व त्यांच्या उंचींतील बोटभर फरक आपणांस किनाऱ्यावरून मोजावयाचा आहे, असें समजा. पाणी चढलें तर दोघेंही सारखींच चढतात. पाण्याची उंची हिशेबांत शिरूं न देतां केवळ मुलांच्या उंचींतील फरक मोजावयाचा, हें आपल्या वर्धकाचें काम आहे. येथें पाणी म्हणजे अडीच व्होल्ट, आणि एक ग्राम म्हणजे त्याचा पंचवीस लाखावा भाग.

दोन तारांतील फरक वाढवावा व दोहोंना सामाईक असेल तें सोडून द्यावें, ही गरज शरीरशास्त्रज्ञांना फार लवकर भासली. शरीरांतील क्षीण विद्युत् मोजण्यासाठीं केंब्रिज येथील ब्रायन मॅथ्यूज ह्यांनीं १९३४ सालीं असा वर्धक व्हॉल्व्हांच्या साहाय्यानें रचला. आज व्हॉल्व्ह गेले, त्यांची जागा नखाएवढ्या चिपांनीं घेतली; पण प्रश्न तोच राहिला.

ऑप-ॲम्पचे दोन नियम

आपल्या रचनेंत तीन चिपा लागतात. त्या प्रत्येकीस ऑपरेशनल ॲम्प्लिफायर, किंवा थोडक्यांत ऑप-ॲम्प, म्हणतात. तिला दोन प्रवेश व एक निर्गम असतो. एका प्रवेशास अधिक व दुसऱ्यास उणा म्हणतात. अधिकावरील दाबांतून उण्यावरील दाब वजा करून जी बाकी राहते ती ऑप-ॲम्प लाखों पट वाढविते. इतकी मोठी पट जशीच्या तशी निरुपयोगी असते, कारण ती उष्णतेबरोबर बदलते, आणि एका चिपेची दुसरीशीं जुळत नाहीं. परंतु निर्गमाचा कांहीं भाग उण्या प्रवेशाकडे परत नेला, तर निर्गम आपोआप असा सरकतो कीं दोन्ही प्रवेश एका पातळीस यावे. मग एकंदर पट चिपेच्या लहरीवर न राहतां, भाग किती परत दिला ह्यावरच ठरते. ही कल्पना अमेरिकन एंजिनिअर हॅरल्ड ब्लॅक ह्यांना १९२७ सालच्या ऑगस्टांत, हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटींतून कामावर जातां जातां सुचली, व त्यांनीं ती हातांतील वर्तमानपत्राच्या पानावरच मांडून ठेवली.

तेव्हां ऑप-ॲम्पविषयीं दोनच नियम पाठ करावे. पहिला : परतावा नीट असेल तर तिचे दोन्ही प्रवेश एकाच पातळीवर राहतात. दुसरा : तिच्या प्रवेशांत जवळजवळ कांहींच प्रवाह शिरत नाहीं. आपल्या लेखाचें मर्म ह्या दुसऱ्या नियमांत आहे.

सात मण्यांची माळ

आतां रचना पाहूं. कागदावर एकाखालीं एक अशा दोन ऑप-ॲम्प काढा. लोड सेलची एक तार वरच्या चिपेच्या अधिक प्रवेशास जोडा, दुसरी खालच्या चिपेच्या अधिक प्रवेशास. वरच्या चिपेच्या निर्गमापासून खालच्या चिपेच्या निर्गमापर्यंत रोधकांची एक माळ लावा. माळेंत सात मणी आहेत. वरून खालीं त्यांचे रोध असे : ९०००, ९००, ९०, २०, ९०, ९०० आणि ९००० ओहम. बेरीज करून पाहा; ती बरोबर वीस हजार येते.

मण्यांमधील गांठीवरून फांटे काढावयाचे. समजा, मधल्या वीस ओहमांच्या मण्याच्या वरच्या टोंकाचा फांटा वरच्या चिपेच्या उण्या प्रवेशास दिला व खालच्या टोंकाचा फांटा खालच्या चिपेच्या उण्या प्रवेशास. पहिल्या नियमाप्रमाणें मण्याच्या वरच्या टोंकाला लोड सेलच्या पहिल्या तारेची पातळी येईल व खालच्या टोंकाला दुसऱ्या तारेची. म्हणजे लोड सेलमधील फरक जसाच्या तसा ह्या मण्यावर येऊन बसला. फरक एक मिलिव्होल्ट असेल तर वीस ओहमांतून पन्नास मायक्रोअँपिअर प्रवाह वाहील. फांट्यांतून प्रवाह फुटत नाहीं, म्हणून तोच प्रवाह सगळ्या माळेंतून वाहतो. वीस हजार ओहमांतून पन्नास मायक्रोअँपिअर म्हणजे एक व्होल्ट. एका मिलिव्होल्टाचा एक व्होल्ट झाला. पट हजार झाली. नियम असा कीं, सगळ्या माळेच्या रोधास दोन फांट्यांमधील रोधानें भागावें, म्हणजे पट मिळते.

फांटे एकेक मणी बाहेर सरकविले तर दोन फांट्यांमध्यें ९०, २० व ९० मिळून दोनशें ओहम येतात, पट शंभर. आणखी एक मणी सरकविले तर दोन हजार ओहम, पट दहा. अगदीं टोंकांना नेले तर वीस हजार, पट एक. कांट्याला हजार व शंभर पुरेत. उरलेल्या दोन पटी वर्गांतील इतर मापनांसाठीं उपयोगी पडतात.

आतां सामाईक दाबाचें काय होतें तें पाहा. पारडें रिकामें आहे व दोन्ही तारा बरोबर अडीच व्होल्टांवर आहेत. मग मधल्या मण्याच्या दोन्ही टोंकांना एकच पातळी, म्हणून त्यांतून प्रवाह नाहीं. प्रवाह नाहीं म्हणून सबंध माळ अडीच व्होल्टांवर. फरक हजारपट वाढला, पण भरतीचें पाणी होतें तितकेंच राहिलें. आणि हें घडण्यासाठीं माळेंतील मणी एकमेकांशीं नेमके जुळावे लागत नाहींत. जेथें प्रवाहच नाहीं तेथें रोधाची चूक आपला उपद्रव कशी दाखविणार ?

राहिलेलें पाणी काढून टाकण्याचें काम तिसरी ऑप-ॲम्प करते. ती दहा-दहा हजार ओहमांच्या चार सारख्या रोधकांच्या साहाय्यानें वरच्या निर्गमांतून खालचा निर्गम वजा करते. येथें मात्र चारही रोधक जुळलेले हवेत. ते हजारांत एक इतके अचूक असले, तरी प्रतिकूल योगानें सामाईक दाबाचा सुमारें पांचशेंवा भाग निसटून निर्गमांत येऊं शकतो. अडीच व्होल्टांचे पांच मिलिव्होल्ट. परंतु तोंवर आपला फरक हजारपट वाढलेला असल्यामुळें ते पांच मिलिव्होल्ट केवळ पांच ग्रामांचे होतात. शंभरपटीवर मात्र पन्नास ग्रामांचे. म्हणूनच जितकी पट घ्यावयाची ती सर्व पहिल्या टप्प्यांत घ्यावी, आणि पट बदलली कीं रिकाम्या पारड्याचा आंकडा पुन्हां घेऊन तो वजा करावा. ही संवय प्रत्येकानें लावून घेतलीच पाहिजे.

चिपांना वीज देण्यासाठीं नऊ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या घ्याव्या, एक शून्याच्या वर व एक शून्याच्या खालीं. पांच-पांच व्होल्ट पुरतील असें वाटतें. पण चार किलोंच्या वेळीं माळेच्या एका टोंकाला अडीच आणि दोन मिळून साडेचार व्होल्ट येतात, व पुष्कळ चिपांचा निर्गम आपल्या पुरवठ्याच्या इतक्या जवळ पोंचूं शकत नाहीं. यंत्र बिघडलेलें नसतें. त्याला डोकें वर करावयास जागा नसते.

स्विचाची चुकीची जागा व योग्य जागा

पट बदलण्याची अधिक सोपी दिसणारी रीत दुसरीच आहे, आणि नवशिका बहुधा तीच धरतो. वर दहा हजार, खालीं दहा हजार, व मध्यें एकच रोधक. मधला रोधक स्विचनें बदलावयाचा. हजार पटीसाठीं तो २०·०२ ओहम लागतो, शंभरासाठीं २०२·०२. गणित बरोबर, रोधक अचूक, डाखही स्वच्छ. तरी वजन चुकतें. कारण येथें मापाचा प्रवाह स्विचाच्या जिभेंतूनच वाहतो, आणि त्या जिभेला स्वतःचा रोध असतो. नव्या स्विचांत तो ओहमाचा शतांश किंवा त्याच्या आसपास असेल; धूळ बसली, गंज चढला, जीभ झिजली कीं एक दशांश ओहमही होतो, आणि प्रत्येक वेळीं स्विच फिरविला कीं निराळा होतो.

एक दशांश ओहमाचें मोल काढून पाहूं. वीस ओहमांत त्याची भर पडली कीं हजाराची पट ९९५ होते. चार हजार ग्रामांचें बाळ ३९८० भरतें. शंभरपटीवर तोच दशांश दोनशें ओहमांत मिसळतो, म्हणून तेथें बाळ ३९९८ भरतें. एकाच बाळाला एकाच घटकेस दोन पटींवर तोललें तर अठरा ग्रामांचा फरक ! आज हजारपटीवर व उद्यां शंभरपटीवर वजन घेतलें, तर दूध न पिणारें मूलही कागदावर जवळजवळ एका दिवसाची वाढ दाखवील. पत्रक पाहणारा निश्चिंत होईल, आणि दोष स्विचाचा आहे हें कोणाच्या ध्यानींही येणार नाहीं. हातानें फिरविण्याच्या स्विचाऐवजीं विजेनें चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच घातला तर गंमत आणखी वाढते. त्याचा रोध सहज शंभर ओहम असतो. मग हजाराची पट १६८ होते, आणि चार किलोंचें बाळ सातशें ग्रामांच्याही आंत येतें.

आतां सात मण्यांच्या माळेकडे परत या. तेथें स्विच कोठें आहे ? तो माळेंत नाहीं. तो गांठीपासून चिपेच्या उण्या प्रवेशाकडे जाणाऱ्या फांट्यांत आहे. चार जागांचा, दोन जिभांचा फिरता स्विच. एक जीभ वरच्या चार गांठींपैकीं एक निवडते, दुसरी खालच्या चारांपैकीं तिची जोडीदार. ह्या फांट्यांतून वाहणारा प्रवाह चांगल्या चिपेंत एका नॅनोअँपिअरइतका किंवा त्याहूनही कमी असतो. इलेक्ट्रॉनिक स्विचाचे शंभर ओहम ह्या वाटेंत घातले तरी त्यांवर पडणारा दाब एका मायक्रोव्होल्टाचा दशांश, म्हणजे एक दशांश ग्राम. जे शंभर ओहम एका जागीं तीन किलोंहून अधिक खात होते, तेच शंभर ओहम दुसऱ्या जागीं एका ग्रामाचा दहावा हिस्सा खातात. स्विच तोच, जागा बदलली.

ही युक्ति तुम्हांस अगदींच अपरिचित नाहीं. व्हीटस्टनच्या सेतूंत गॅल्व्हॅनोमीटरचा कांटा शून्यावर आला कीं त्यांतून प्रवाह वाहत नाहीं, म्हणून त्याचा स्वतःचा रोध किती हें विचारावें लागत नाहीं. त्याच न्यायानें मधल्या वीस ओहमांच्या मण्याचे फांटे मण्याच्या अगदीं पायापाशीं डाखावे. अर्धा मिलिमीटर जाडीची दहा सेंटिमीटर तांब्याची तार घेतली तर तिचा रोध सुमारें नऊ सहस्रांश ओहम असतो. ती तार दोन फांट्यांच्या आंत आली तर चार किलोंत दोन ग्रामांची चूक झाली. फांट्याच्या बाहेर, चिपेच्या वाटेंत राहिली तर शून्य.

जे दोष तरीही राहतात

येथवर वाचून कोणास वाटेल कीं आतां सर्व दोष संपले. तसें नाहीं. फांट्यांत प्रवाह नसल्यामुळें रोधाचा दोष नाहींसा होतो. परंतु तेथें परका विद्युद्दाब उत्पन्न झाला तर तो थेट वजनांत मिसळतो. झेबेक ह्यांनीं १८२१ सालीं दाखविलेल्या परिणामाप्रमाणें दोन भिन्न धातूंचे जोड निरनिराळ्या उष्णतेवर असले कीं दाब उत्पन्न होतो. तांबें व साधा डाख ह्यांच्या जोडांत एका अंश सेल्सिअसला एक ते तीन मायक्रोव्होल्ट. तांबें व कांहीं चिपांच्या पायांतील लोह-निकेल-कोबाल्ट मिश्रधातु ह्यांच्यांत चाळीसपर्यंत. म्हणजे जोडावर फुंकर मारली तरी वजन हलूं शकतें. उपाय सोपा आहे : दोन्ही फांटे सारख्या लांबीचे, सारख्या धातूचे व शेजारीं शेजारीं ठेवावे, म्हणजे दोहोंतील दाब सारखा होऊन फरकांत येणार नाहीं; आणि सर्व रचना झांकणाच्या डब्यांत ठेवावी.

दुसरी गोष्ट स्विच फिरण्याच्या क्षणाची. कित्येक स्विच जुना संपर्क सोडून मग नवा धरतात. मधल्या क्षणांत उण्या प्रवेशाला कांहींच जोडलेलें नसतें, व चिप वाटेल तिकडे धांवते. म्हणून नवा संपर्क धरल्यावर मगच जुना सोडणारा स्विच मागून घ्यावा.

तिसरी गोष्ट चिपेच्या निवडीची. १९६८ साली निघालेली ७४१ ही चिप प्रयोगशाळेंत अजून पुष्कळ ठिकाणीं असते, आणि अनेक कामांना ती उत्तम आहे. परंतु तिची मूळ पट सुमारें दोन लाख. तिच्याकडून हजार पट मागितली तर ब्लॅकच्या परताव्याला हाताशीं दोनशेंच पट उरते, व पट दोनशेंत एक भागानें कमी पडते : चार किलोंत पुन्हां तेच वीस ग्राम ! शिवाय तिची शून्यपातळी एखादा मिलिव्होल्ट सरकलेली असूं शकते, म्हणजे आपल्या मापानें एक किलो. रिकाम्या पारड्याचा आंकडा वजा करून तें निघेल. पण दुपारचें ऊन वाढलें कीं तें पुन्हां सरकेल. म्हणून एक कोट किंवा अधिक मूळ पट असलेली, व शून्यपातळी थोड्या मायक्रोव्होल्टांत राखणारी अचूक जातीची चिप घ्यावी. किंमत अधिक पडते. पण जेथें अचूकपणा विकत घ्यावाच लागतो ती जागा हीच.

तीन चिपांची ही सर्व रचना एकाच चिपेंतही मिळते. एडी ६२० ही अशी एक प्रसिद्ध चिप आहे. तींत बाहेरून एकच रोधक लावून पट ठरवितात; ४९,४०० ला त्या रोधकानें भागून एक मिळवावा. हजारासाठीं तो ४९·४५ ओहम येतो. ह्या चिपेला स्विच लावावयाचा झाल्यास तो प्रवाहाच्या वाटेंतच बसतो, हें आतां तुम्हांस चटकन् ओळखतां येईल, आणि कोठें सांवध राहावें हेंही.

परीक्षा

यंत्र रचून झालें म्हणजे त्यावर विश्वास ठेवण्यापूर्वीं त्याची चार प्रकारें परीक्षा घ्यावी. प्रथम दोन्ही अधिक प्रवेश एकमेकांस जोडून त्यांना शून्य पातळी द्यावी व प्रत्येक पटीवरील आंकडा लिहावा. ही शून्याची चूक. मग तेच दोन प्रवेश जोडलेलेच ठेवून अडीच व्होल्टांवर न्यावे व आंकडा किती हलतो तें पाहावें. ही पाण्याची चूक. तिसऱ्या वेळीं खात्रीचें एक मिलिव्होल्ट द्यावें. तें करावयाची रीत अशी : ९९९० व १० ओहमांचे दोन अचूक रोधक ओळीनें जोडून त्यांस एक व्होल्ट द्यावा, दहा ओहमांवर बरोबर हजारावा भाग मिळतो. शून्याची चूक वजा केल्यावर शंभरपटीवर शंभर मिलिव्होल्ट व हजारपटीवर एक व्होल्ट आला पाहिजे. चौथी परीक्षा सर्वांत मोलाची. लोड सेल जोडून पारड्यांत एक किलोचें शिक्क्याचें वजन ठेवावें, स्विच वीस वेळां इकडून तिकडे फिरवावा, आणि प्रत्येक खेपेस आंकडा लिहावा. वीसही आंकडे एकमेकांशीं जुळले तर स्विच योग्य जागीं बसला असें समजावें. न जुळले तर मीटरला दोष देण्यापूर्वीं आपला डाख पाहावा.

एक सूचना पालकांसाठीं आणि मुलांसाठींही. हा कांटा शिकण्यासाठीं आहे. बाळाच्या प्रकृतीचा निर्णय प्रमाणित कांट्यावरच करावा. असाच वर्धक हृदयाचा आलेख काढणाऱ्या यंत्रांतही असतो, म्हणून कोणास तो अंगाला लावून पाहण्याचा मोह होईल. तसें कदापि करूं नये. दवाखान्यांतील यंत्रांत रोग्याला विजेपासून अलग राखण्याची खास व्यवस्था असते. ती आपल्या डब्यांत नाहीं.

वरील चार परीक्षांचे आंकडे, तारीख व त्या वेळची हवेची उष्णता एका कागदावर लिहून तो कागद डब्याच्या झांकणाला आंतून चिकटवावा. सहा महिन्यांनीं त्याच परीक्षा पुन्हां घेऊन नवे आंकडे जुन्यांखालीं लिहावे. यंत्र किती अचूक आहे हें जाहिरात सांगत नाहीं, तो कागद सांगतो. आणि पारड्यांत निजलेल्या बाळाला, ज्याला स्वतःविषयीं एक शब्दही बोलतां येत नाहीं, त्या कागदावरील खऱ्या आंकड्यांचाच आधार असतो.